चार क्वार्टरबॅक आणि एक बाक

[दृश्य: अटलांटा, ८ जानेवारी २०१८ ची रात्र. मध्यंतर. खेळाडूंच्या खोलीकडे जाणारा बोगदा.]

फलकावर आकडे आहेत जॉर्जिया १३, अलाबामा शून्य. अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलचा हा अंतिम सामना. अलाबामाचा क्वार्टरबॅक आहे जेलन हर्ट्स. पहिल्याच वर्षी संघाची सूत्रं हातात आलेला, टेक्सासमधल्या एका हायस्कूल प्रशिक्षकाचा मुलगा. दोन मोसमांत त्याच्या नावावर जेमतेम दोन पराभव आहेत. पण आज पूर्वार्धात त्याचे आठ पास गेले, त्यातले तीन झेलले गेले, आणि त्यातून मिळाले २१ यार्ड. मध्यंतरात कोच निक सेबन निर्णय घेतात. उत्तरार्धात हर्ट्स बाकावर आणि मैदानात तुआ टांगोवायलोआ, हवाईहून आलेला १९ वर्षांचा नवखा मुलगा.

क्वार्टरबॅकला खाली बसवणं म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. या खेळात दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, आणि प्रत्येक प्रयत्नाची सुरुवात क्वार्टरबॅकच्या हातून होते. बॉल मागे येतो तो त्याच्याकडे. फेकायचा, दुसऱ्याच्या हातात द्यायचा की स्वतः घेऊन पळायचं, हे तो दोन-तीन सेकंदांत ठरवतो, आणि तेही दीडशे किलोची माणसं अंगावर चालून येत असताना. संघात अकरा जण असले तरी जिंकलो तर त्याच्यामुळे आणि हरलो तरी त्याच्यामुळेच, असा इथला हिशेब आहे. अलाबामा विद्यापीठ ज्या टस्कलूसा शहरात आहे, तिथल्या स्टेडियममध्ये लाखभर माणसं मावतात. शहराची वस्तीही साधारण तेवढीच. अशा ठिकाणी क्वार्टरबॅक बाकावर बसला, तर ते अख्खं गाव बघतं.

सामना बरोबरीत सुटला आणि ओव्हरटाइम सुरू झाला. जॉर्जियाने तीन गुण घेतले. अलाबामाच्या पहिल्याच प्रयत्नात तुआला पकडून खाली पाडलं, १६ यार्डांचं नुकसान झालं. आता दुसरा प्रयत्न आणि कापायचं अंतर २६ यार्ड. आपल्या क्रिकेटच्या खेळपट्टीहून चार यार्ड जास्त. तुआ मागे सरकला, एका बाजूला नजर ठेवून बचावपटूला तिकडे खेचलं, आणि डाव्या हाताने बॉल दुसऱ्याच बाजूला सोडला. ४१ यार्ड. डेव्होंटा स्मिथच्या हातात. टचडाउन, म्हणजे बॉल समोरच्या संघाच्या रेषेपलीकडे, सहा गुण. अलाबामा २६, जॉर्जिया २३.

डेव्होंटा स्मिथ हे नाव लक्षात ठेवा.

कॅमेरे तुआकडे धावले, ते साहजिकच होतं. मी मात्र हा सामना पुन्हा लावतो तेव्हा बाजूला उभा असलेला हर्ट्स शोधत राहतो. तो हसतोय. स्वतःची जागा घेतलेल्या मुलाला मिठी मारतोय. त्याच्या मनात काय चाललं असेल ते त्यालाच ठाऊक, पण चेहऱ्यावर त्याने काही येऊ दिलं नाही.

[दृश्य: कृष्णधवल छायाचित्रं. १९५० चं दशक.]

अलाबामाचे जुने आणि नवे क्वार्टरबॅक तुलनेला बसवले की लोक पहिल्यांदा आकडे काढतात. आकडे मीही सांगणार आहे. पण या संघाच्या इतिहासात मला एक वेगळाच धागा सापडला. अलाबामात खेळलेल्या चार क्वार्टरबॅकनी पुढे व्यावसायिक फुटबॉलचा सर्वोच्च सामना, सुपर बोल, संघाचा मुख्य क्वार्टरबॅक म्हणून जिंकला. बार्ट स्टार, जो नेमथ, केन स्टेबलर आणि जेलन हर्ट्स. या चौघांनाही अलाबामाने कधी ना कधी खाली बसवलं होतं.

पहिला स्टार. मंटगमरीचा, म्हणजे त्याच राज्यातला मुलगा. पाठीच्या दुखण्याने त्याचं तिसरं वर्ष गेलं. चौथ्या वर्षी, १९५५ साली, नवे कोच आले आणि त्यांनी नव्या मुलांना खेळवायचं ठरवलं. स्टार बहुतेक वेळ बसूनच राहिला. त्या वर्षी अलाबामाने दहा सामने खेळले आणि दहाही हरले. अशा संघाच्या बाकावरच्या क्वार्टरबॅकला कोण विचारणार? व्यावसायिक संघांच्या निवडीत त्याचं नाव सतराव्या फेरीत आलं, दोनशेव्या क्रमांकावर. ज्या ग्रीन बे पॅकर्सनी त्याला घेतलं, त्यांना त्याने पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. पहिल्या दोन्ही सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू तोच.

मग आला नेमथ, आणि इथे थोडं थांबायलाच हवं.

जो नेमथ पेन्सिल्व्हेनियाच्या बीव्हर फॉल्सचा. उत्तरेकडचा, पोलादाच्या कारखान्यांच्या पट्ट्यातला मुलगा. १९६१ मध्ये तो अलाबामात आला तेव्हा कोच होते पॉल ब्रायंट. चौकड्यांची टोपी, खर्जातला आवाज, आणि शिस्तीच्या बाबतीत कुणाचीही गय न करणारा माणूस. डिसेंबर १९६३ मध्ये नेमथने शिस्तीचा नियम मोडल्याचं त्यांच्या कानावर आलं. त्यांनी त्याला बोलावून विचारलं. त्याने कबूल केलं. ब्रायंटनी देशातल्या सर्वोत्तम क्वार्टरबॅकपैकी एकाला मोसमाच्या शेवटच्या सामन्यातून आणि मोसमानंतर न्यू ऑर्लिन्समध्ये होणाऱ्या शुगर बोल या मानाच्या सामन्यातूनही काढून टाकलं. १ जानेवारी १९६४ ला तिथे चक्क बर्फ पडलं होतं. नेमथच्या जागी स्टीव्ह स्लोन खेळला, टिम डेव्हिसने चार फील्ड गोल, म्हणजे पायाने मारलेले तीन-तीन गुणांचे गोल, मारले आणि अलाबामा १२-७ ने जिंकला. नेमथशिवाय.

नेमथ दुसऱ्या कॉलेजात जाऊ शकला असता. तो थांबला, परत आला, आणि १९६४ मध्ये संघाला राष्ट्रीय विजेतेपदापर्यंत घेऊन गेला. त्याच मोसमात त्याचा गुडघा गेला. १ जानेवारी १९६५ च्या ऑरेंज बोल या तशाच मानाच्या सामन्यात टेक्सासविरुद्ध सुरुवात पुन्हा स्लोनने केली. मागे पडल्यावर नेमथ लंगडत उतरला. २५५ यार्ड फेकले. शेवटी टेक्सासच्या रेषेपासून जेमतेम हातभर अंतरावर चौथा प्रयत्न होता. त्याने बॉल पोटाशी धरला आणि सरळ माणसांच्या ढिगात घुसला. पंचांनी सांगितलं, पोचला नाही. टेक्सास २१, अलाबामा १७. आपण रेषा ओलांडली होती, असं नेमथ पुढेही सांगत राहिला. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्क जेट्सने त्याला करारबद्ध केलं. चार लाख डॉलर्सच्या वरचा हा आकडा त्या काळी कुणी ऐकला नव्हता. चार वर्षांनी, जाणकार बाल्टिमोर कोल्ट्सना विजेते धरून बसले असताना, त्याने आपण जिंकणारच असं जाहीर सांगितलं आणि १६-७ असा सुपर बोल जिंकला.

केन स्टेबलरची गोष्ट थोडक्यात सांगतो. गल्फच्या किनाऱ्याजवळच्या फोलीचा डावखुरा मुलगा, टोपणनाव साप, कारण त्याचं पळणं तसंच नागमोडी. वर्ग बुडवणं आणि सरावाला दांडी मारणं यापायी १९६७ च्या वसंतात ब्रायंटनी त्यालाही घरी पाठवलं, मग परत घेतलं. त्याच वर्षी २ डिसेंबरला बर्मिंगहॅममध्ये ऑबर्नविरुद्ध धो धो पाऊस. जुन्या चित्रफितीत मैदान दिसतच नाही, नुसता चिखल दिसतो. कुणाच्या जर्सीवरचा नंबर वाचता येत नाही. त्या चिखलातून स्टेबलर कडेकडेने ४७ यार्ड पळाला आणि अलाबामा ७-३ ने जिंकला. ओकलंड रेडर्सला त्याने १९७७ च्या जानेवारीत सुपर बोल मिळवून दिला. २०१५ मध्ये तो गेला. त्यानंतरच्या तपासणीत त्याच्या मेंदूवर वर्षानुवर्षांच्या धडकांनी झालेली इजा दिसली. त्या चिखलातल्या धावेचं कौतुक करताना मला हे सोडून पुढे जाता येत नाही.

[दृश्य: फॉस्टर सभागृहाचा दरवाजा.]

आणि ज्यांना बाकापर्यंतही येता आलं नाही, त्यांचं काय? ११ जून १९६३. नेमथ जिथे शिकत होता त्याच विद्यापीठात गव्हर्नर जॉर्ज वॉलेस या दरवाजात उभे राहिले, कारण व्हिव्हियन मलोन आणि जेम्स हूड या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश घ्यायचा होता. स्टार, नेमथ, स्टेबलर हे तिघेही फक्त गोऱ्यांच्या संघात खेळले. संघात पहिले कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरले ते १९७१ मध्ये. वॉल्टर लुईस हा सुरुवातीपासून खेळणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक व्हायला तर ऐंशीचं दशक उजाडावं लागलं. जुन्या सुवर्णकाळाची आठवण काढताना लुईसचं नाव क्वचित निघतं. ते आधी निघायला हवं.

आता आकडे. नेमथने अलाबामात तीन मोसम मिळून २,७१३ यार्ड फेकले. ब्राइस यंगने २०२१ च्या एकाच मोसमात ४,८७२ यार्ड फेकले आणि हाइझमन करंडक, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, जिंकला. हा मान मिळवणारा तो अलाबामाचा पहिलाच क्वार्टरबॅक. मग यंग मोठा की नेमथ? माझं प्रामाणिक मत असं की हे आकडे शेजारी ठेवूच नयेत. यंगच्या संघाने त्या वर्षी १५ सामने खेळले, नेमथच्या काळी मोसम अकरा सामन्यांचा. तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघातून खेळायची परवानगीच नव्हती. आणि ब्रायंटना मुळात पळून जिंकायला आवडायचं, पास हा त्यांच्या लेखी अधूनमधूनचा उपाय. आजचा क्वार्टरबॅक शाळेपासून पासच फेकत आलेला असतो. ज्याला फेकायलाच कमी दिलं, त्याचे यार्ड कुठून येणार?

एक तुलना मात्र मला मनापासून आवडते. स्टेबलर डावखुरा, तुआही डावखुरा. पण तुआ जेवतो, लिहितो उजव्या हाताने. मुलाने डाव्याने फेकावं असं त्याच्या वडिलांना वाटलं, म्हणून लहानपणीच हात बदलला. दुसरा प्रयत्न आणि २६ यार्डांचा तो पास अशा शिकवलेल्या हाताने गेला होता.

[दृश्य: पुन्हा अटलांटा, तेच स्टेडियम. १ डिसेंबर २०१८.]

हर्ट्स गेला नव्हता. सगळा मोसम तुआच्या मागे राखीव म्हणून थांबला. विभागाच्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा जॉर्जिया, अलाबामा सात गुणांनी मागे, आणि चौथ्या भागात तुआचा घोटा दुखावला. हर्ट्सने हेल्मेट चढवलं. आधी जेरी ज्यूडीला टचडाउन पास देऊन बरोबरी. मग मिनिटभर उरलं असताना स्वतः पळून १५ यार्डांवरून टचडाउन. ३५-२८. सामन्यानंतर बोलताना सेबन यांचे डोळे भरून आले होते. त्याच महिन्यात, तीन वर्षांत अभ्यास पुरा करून हर्ट्सने पदवी घेतली. नेमथची पदवी राहून गेली होती. त्याने ती २००७ मध्ये घेतली, वयाच्या ६४ व्या वर्षी.

आज बाकावर थांबायची सक्ती उरलेली नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, आलं, पुढे एकही मोसम वाया न घालवता कॉलेज बदलता येऊ लागलं, आणि २०२१ पासून खेळाडूंना जाहिरातींचे पैसे घेता येतात. खेळाडूंच्या हाती पैसा आला हे चांगलंच झालं. त्यांच्या जिवावर इतरांनी फार वर्षं कमावलं. पण त्यामुळे थांबणारा क्वार्टरबॅक दुर्मीळ झाला. टाय सिम्पसन तीन वर्षं थांबला, आधी यंगच्या आणि मग जेलन मिलरोच्या मागे. ३० ऑगस्ट २०२५ ला त्याला सुरुवातीपासून खेळायची पहिली संधी मिळाली आणि फ्लोरिडा स्टेटने अलाबामाला ३१-१७ हरवलं. लोकांनी लगेच नावं ठेवली. महिनाभरात त्याच सिम्पसनने जॉर्जियाला जॉर्जियाच्या मैदानावर २४-२१ असं हरवलं.

[दृश्य: न्यू ऑर्लिन्स, ९ फेब्रुवारी २०२५.]

हर्ट्स अलाबामातून ओक्लाहोमाला गेला, तिथून फिलाडेल्फिया ईगल्सकडे. ज्या शहरात नेमथला खेळू दिलं नव्हतं, त्याच शहरात सुपर बोल. तिसऱ्या भागात ईगल्स २७-० ने पुढे. हर्ट्स मागे सरकला, वर पाहिलं आणि बॉल लांब सोडला. ४६ यार्ड. खाली एकटाच पळत होता डेव्होंटा स्मिथ. सात वर्षांपूर्वी हर्ट्स बाकावर असताना ज्याने तुआचा पास झेलला होता, तोच. त्याने मान वळवली, हात पुढे केले आणि बॉल त्यात अलगद येऊन पडला.