बटणामागचे आठ अँपिअर

[दृश्य : कॉइल लाल होताना, अगदी जवळून]

ही ई-सिगारेटमधली कॉइल, कान्थल या मिश्रधातूच्या तारेची. रोध ०.५ ओहम. वाफ होणारा द्रव शोषणारा कापूस अजून घातलेला नाही, म्हणून ती अशी लाल दिसते आहे. पूर्ण भरलेल्या १८६५० आकाराच्या लिथियम-आयन सेलचे ४.२ व्होल्ट तिला मिळाले, की ८.४ अँपिअर वाहतात, म्हणजे सुमारे ३५ वॉट. टॉर्चच्या नळ्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या वापरून ब्रिटन-अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी जी वेपिंगची, म्हणजे ई-सिगारेटची वाफ ओढण्याची, यंत्रं बांधली, ज्यांना ते ‘मॉड’ म्हणतात, त्यांचा सगळा खेळ हे आठ अँपिअर सांभाळण्याचा.

[दृश्य : पितळी नळीचा मॉड, खालचं बटण उघडलेलं]

मेकॅनिकल मॉडमध्ये इलेक्ट्रॉनिक सर्किट नसतंच. सेलचा पूर्ण प्रवाह बटणातूनच जातो. दर वेळी ठिणगी पडते, संपर्काला खड्डे पडतात, आणि एखाद्या दिवशी बटण चिकटून बसतं. याच्या साधेपणाचं फार कौतुक होतं. आम्हाला ते पटत नाही.

[दृश्य : टेबलावर मांडलेले सुटे भाग]

त्यापेक्षा हे बघा. तीन पायांचा मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, आयआरएलबी३०३४. पाय तीन: गेट, ड्रेन, सोर्स. बटण फक्त गेटला व्होल्टेज देतं, जड प्रवाह ड्रेन आणि सोर्समधून जातो. मॉस्फेटचा रोध साधारण दोन मिलिओहम, त्यामुळे आठ अँपिअरला तो जेमतेम ०.१४ वॉट तापतो. मात्र ‘लॉजिक लेव्हल’चाच, म्हणजे गेटवरच्या चार-पाच व्होल्टवर पूर्ण उघडणारा, घ्यायचा. दुकानात सहज मिळणारा आयआरएफझेड४४एन इथे फसवतो: त्याला गेटवर दहा व्होल्ट लागतात. चार व्होल्टवर तो अर्धवट उघडतो आणि स्वतःच तापत बसतो.

जोडणी अशी. सेलचं धन टोक ५१० कनेक्टरच्या, म्हणजे कॉइलचा भाग ज्यात आट्यांनी बसतो त्या खोबणीच्या, मधल्या पिनला. तिथूनच एक बारीक तार बटणातून गेटला. सोर्स सेलच्या ऋण टोकाला, ड्रेन कनेक्टरच्या बाहेरच्या आट्यांना. आणि गेट ते सोर्स १५ किलोओहमचा एक रेझिस्टर. किंमत नगण्य, पण तो विसरलात तर बटण सोडल्यावरही गेटवरचा विद्युतभार तसाच राहतो आणि कॉइल तापत राहते.

[दृश्य : ड्रिल, अ‍ॅल्युमिनियमचा कीस उडताना]

पेटी हॅमंड कंपनीची १५९०जी, १०० बाय ५० बाय २५ मिलिमीटर, ओतीव अ‍ॅल्युमिनियमची. बटणाचं भोक स्टेप ड्रिलने, थोडं थोडं वाढवत. भोकाच्या कडा कानशीने घासल्या नाहीत तर त्या तारेचं आवरण कापतात. तळाशी दोन-तीन भोकं आणखी: सेल बिघडून वायू सुटला तर त्याला वाट हवी. बंद पेटी म्हणजे सुतळी बॉम्बच.

पेटी आता कनेक्टरमार्फत ड्रेनला जोडलेली आहे, हे ध्यानात ठेवा. सेलचं ऋण टोक पेटीला कुठेही टेकलं, तर मॉस्फेटला वळसा घालून प्रवाह थेट कॉइलमध्ये.

[दृश्य : सोल्डरिंग, धूर, चमकदार सांधा]

जड प्रवाहाला १६ गेजची सिलिकॉन आवरणाची तार, गेटला २४ गेज चालते. कनेक्टर बराच धातूचा असल्याने उष्णता ओढून घेतो. सोल्डरिंग आयर्न कमी वॉटचं असेल तर सोल्डर वर गोळा होऊन बसतो, आत मुरत नाही. सेलवर थेट सोल्डर कधीच करायचा नाही. त्यासाठी होल्डर आहे.

[दृश्य : सेलचं फाटलेलं आवरण]

सेलचा संपूर्ण डबा ऋण असतो. धन फक्त वरची टोपी. दोघांच्या मध्ये हे पातळ प्लास्टिक आणि एक कागदी चकती. आवरणाला चीर दिसली, की सेल वापरायचा नाही, नवं आवरण चढवायचं. सेल उलटा बसला तर? मॉस्फेटमध्ये एक डायोड, म्हणजे एकाच दिशेने प्रवाह सोडणारा भाग, अंगभूत असतो. तो उघडतो आणि बटण न दाबता कॉइल पेटते. म्हणून होल्डरवर धन-ऋणाची खूण ठळक हवी. आणि शॉर्ट झालाच तर प्रवाह तुटावा, म्हणून धनाच्या तारेत १० अँपिअरचा फ्यूज.

[दृश्य : इंडिकेटरचा बल्ब मंद पेटतो, विझतो]

पहिली चाचणी कॉइलवर नाही. गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब जोडायचा. दाबलं की मंद उजेड, सोडलं की तत्काळ विझला पाहिजे. रेंगाळला तर रेझिस्टर बघा. मग कॉइल लावून, बटण दाबलेलं असताना, मल्टिमीटरने दोन ठिकाणी मोजायचं: सेलच्या टोकांवर आणि कनेक्टरवर. आठ अँपिअरला ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक आला, तर दोष बहुधा होल्डरच्या स्प्रिंगचा.

[दृश्य : अग्निशमन दलाचं वाहन, काही सेकंद]

मे २०१८मध्ये फ्लोरिडात वेपिंग यंत्राच्या स्फोटात एकाचा जीव गेला. निकोटीनचं व्यसन वेगळंच. भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणंच गुन्हा आहे: पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

[दृश्य : तयार नियंत्रक बोर्ड, चिमट्यात धरलेला]

आणि हा अमेरिकेत ओहायोतल्या इव्हॉल्व कंपनीचा ‘डीएनए’ नावाचा बोर्ड. रोध मोजणं, शॉर्ट ओळखणं, सेल उतरला की थांबणं, सगळं हाच करतो. फक्त सेलचं फाटलेलं आवरण त्याला दिसत नाही, आणि ड्रिलने सोडलेल्या धारदार कडाही नाहीत.