डॅशबोर्डला तडा गेलाय? आधी ताण बघा

नमस्कार मंडळी. जुनी पिकअप चालवणाऱ्यांना रोज डोळ्यांसमोर दिसणारी एक गोष्ट आज बोलायला घेतलीय, डॅशबोर्डचा तडा. सुरुवातीला केसाएवढी रेघ असते, मग ती स्पीकरच्या जाळीपासून थेट समोरच्या काचेपर्यंत जाते, मग काठ वर उचलले जातात आणि आतला पिवळा फोम दिसायला लागतो, बोट लावलं की त्याचा भुगा. या टप्प्यावर लोक एक तर वर कापड टाकतात नाहीतर गोंदाची ट्यूब आणून पिळतात. कापडानं निदान नुकसान तरी होत नाही.

आता हा तडा पडतोच का, ते आधी बघू कारण सगळी रिपेअरी त्यावरच आहे. खूप जुन्या गाड्यांत डॅश म्हणजे नुसता रंगवलेला पत्रा असायचा, त्याला तडा जायचा प्रश्नच नाही, डोकं आपटलं तर डोक्यालाच जायचा. 1956 साली फोर्डनं लाइफगार्ड नावानं सेफ्टीची जी ऑप्शन्स दिली त्यात गादी लावलेला डॅश होता, पुढे 1968 पासून अमेरिकेत कारच्या आतल्या भागावर आपटून इजा होऊ नये म्हणून नियमच आला आणि मग पिकअपमध्येही गादीवाला डॅश रुळला. त्याचे थर तीन. खाली पत्र्याचा किंवा कडक प्लास्टिकचा सांगाडा, मध्ये पॉलियुरेथेनचा फोम आणि वर व्हिनाइलची कातडी.

गोम आहे ती या कातडीत. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, नळाच्या पाइपाचंच भावंड, मुळात कडकच. ते मऊ व्हावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य मिसळतात, ही युक्ती 1926 साली गुडरिच कंपनीतल्या वाल्डो सेमन यांना सापडली, आणि गंमत म्हणजे ते शोधत होते रबर धातूला चिकटवायचा गोंद. तर हे द्रव्य उन्हात हळूहळू उडून जातं. समोरच्या काचेला आतून जो धूसर चिकट थर येतो, कितीही पुसला तरी परत येतो, त्यात बराचसा हाच माल असतो, म्हणजे तुमचा डॅशबोर्ड थोडा थोडा करून काचेवर जाऊन बसतोय. द्रव्य गेलं की व्हिनाइल कडक होतं आणि आक्रसतं, पण आक्रसायला त्याला जागाच नसते कारण कडेला सगळीकडून स्क्रूंनी आवळलेलं असतं. मग ताण साठतो कुठे, तर स्क्रूच्या भोकापाशी, हवेच्या जाळीच्या कोपऱ्यात, स्पीकरच्या कडेला. आपल्या गाडीत बघा, तडा बहुतेक अशाच ठिकाणाहून निघालेला असेल. आणि काठ वर का वळतात? वरची बाजू उन्हानं जास्त सुकते, खालची कमी, म्हणून कातडी वरच्या बाजूला आखडते.

आता तुम्हीच सांगा, अशा तड्यात पत्र्याला लावायची लांबी, म्हणजे पुट्टी, भरली तर काय होईल? बंद गाडी भर उन्हात उभी असली की डॅश 70 डिग्री सेल्सियसच्या आसपास तापतो आणि रात्री थंड होतो, म्हणजे कातडी रोज फुगते, रोज आवळते, आणि मध्ये तुमची लांबी दगडासारखी कडक. काही दिवसांत तिच्या शेजारूनच नवा तडा, आता पहिल्यापेक्षा रुंद. झटपट चिकटणाऱ्या गोंदाचंही तेच, शिवाय तो आजूबाजूला पांढरा पडतो आणि तो डाग काही केल्या जात नाही. म्हणून मी म्हणतो की भरण्याआधी ताण सोडवा आणि भरायचं ते लवचिकच भरा.

हात लावायच्या आधी एक बघा, पॅसेंजरच्या बाजूला एअरबॅग आहे का. असेल तर त्या झाकणाला भरणं, रंग, कव्हर, काहीही करू नका, ते ठरलेल्या रेषेवरच फाटायला हवं असतं, ते पॅनेल सरळ बदलायचं. दुसरं म्हणजे काही पिकअपमध्ये फोम नसतोच, नुसतं कडक प्लास्टिक असतं. पार्ट उलटा करून मागचा शिक्का वाचा. एबीएस नावाचं प्लास्टिक असेल तर मागून गरम पिना किंवा जाळी बसवून जोडता येतं, पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असेल तर त्याला साधे गोंद धरतच नाहीत, त्याच मटेरियलची कांडी घेऊन वेल्डिंग करावं लागतं. ते काम वेगळं, आज गादीवाल्या डॅशचंच बोलतोय.

जमत असेल तर डॅश खोलून बाहेर काढा. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडा आणि प्रत्येक स्क्रूचा फोटो काढून ठेवा कारण लांबीला ते सारखे नसतात. जुन्या क्लिपा थंडीत काडकन तुटतात, केबिन जरा गरम असताना काढा. मग धुणं, आणि इथं घाई करू नका, निम्मी कामं इथंच बिघडतात. इतकी वर्षं जे चकचकीत पॉलिश मारलेलं असतं त्यात बहुधा सिलिकॉन असतं आणि सिलिकॉनवर रंग टिकत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल गोल खड्डे पडतात. साबणाच्या पाण्यानं धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, दरवेळी नवीन फडकं, जुन्यानं तेच परत पसरतं. शेवटी पाण्याचे चार थेंब टाका, गोल मणी होऊन घरंगळले तर अजून पॉलिश बाकी आहे, पसरले तर समजा झालं.

आता तड्याचे काठ. तड्याच्या दोन्ही टोकांना 3 मिलिमीटरच्या ड्रिलनं एकेक छोटं भोक पाडा, फक्त कातडीतून, म्हणजे टोकाला साठलेला ताण गोलाकारात वाटला जातो आणि तडा पुढे पळत नाही. मग वर उचललेले काठ. हीट गन अगदी मंद ठेवून, हात सतत हलता ठेवून गरम करा आणि लाकडाच्या पट्टीनं दाबून थंड होऊ द्या, एका जागी गन थांबली की व्हिनाइल चकाकतं आणि वरचा दाणा, म्हणजे चामड्यासारखी बारीक नक्षी, जातो. तरी जे बसत नाहीत ते पातीनं तिरके कापून टाका, छातीवर दगड ठेवून कापा राव, कारण उचललेल्या काठावर कितीही भरलं तरी तिथं उंचवटा दिसणारच. कापून झालं की मधे उतरती खाच दिसली पाहिजे, वर रुंद, खाली अरुंद. भुगा झालेला फोम खरवडून काढा, मास्क लावूनच. खड्डा खोल असेल तर कमी फुगणारा फोम घाला, साधा कॅनमधला नको, तो रात्रभर फुगत राहतो आणि सगळं परत वर ढकलतो. सुकला की कातडीच्या पातळीपेक्षा 3 मिलिमीटर खाली कापा.

भरायला बंपरसाठी मिळतो तो दोन भागांचा लवचिक फिलर घ्या. आधी एखाद्या टाकाऊ रेग्झीनच्या तुकड्यावर थोडा लावून सुकवा आणि वाकवून बघा, तडकला तर तो डब्बा तसाच परत ठेवा. कडेची कातडी 80 नंबरच्या सँडपेपरनं खरखरीत करून पातळ थरात भरा, मग 180, मग 320, पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून, कारण नुसत्या बोटांनी घासलं की मधे खळगा पडतो. सपाटी डोळे मिटून तळहातानं तपासा, डोळ्यापेक्षा तळहाताला उंचवटा जास्त कळतो.

राहिला दाणा. भरलेली जागा गुळगुळीत आणि बाकी डॅश दाणेदार, हे रंगानं लपत नाही. टेक्स्चर स्प्रे लांबून तुरळक उडवा आणि तो ठिगळापुरता न थांबवता एखाद्या नैसर्गिक कडेपर्यंत न्या. माझं विचाराल तर वरचा सगळा भागच करून टाका, मेहनत थोडी वाढते पण जोड दिसत नाही. वर व्हिनाइलसाठीचा लवचिक रंग, पातळ हात, आणि मॅटच, चकचकीत केलात तर दिवसभर काचेत डॅशचंच प्रतिबिंब बघत गाडी चालवावी लागेल.

तडे चार-पाचपेक्षा जास्त असतील तर एवढी हौस करू नका. तयार एबीएसचं कव्हर मिळतं, सिलिकॉननं चिकटवायचं, त्याला कुणी हसत नाही. फक्त खालचे उचललेले काठ आधी कापा नाहीतर कव्हर डुगडुगतं, आणि काचेतून दिसणारी चॅसिस नंबरची पट्टी असेल तर ती झाकू नका.

परत बसवताना स्क्रूची भोकं जरा लांबट करा आणि स्क्रू गच्च आवळू नका, कातडीला सरकायला जागा राहू दे, नाहीतर तो ताण परत त्याच कोपऱ्यात येणार. आणि हो, रेडिओ बसवताना मागची अँटेनाची वायर लावायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी आम्ही काय बोलतोय ते तुम्हाला फक्त खरखरच ऐकू येईल.