दुधासारखं सिरम आणि जेवणानंतरचे चार तास

नमस्कार मंडळी. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, रोज रक्त घेते, आणि आज मला तुम्हाला एका ट्यूबबद्दल सांगायचंय.

रक्त घेतलं की ते गोठू देतो, मग मशीनमध्ये गरागरा फिरवतो, तांबडं सगळं खाली बसतं आणि वर पिवळसर पाणी राहतं, त्याला सिरम म्हणतात, अगदी आरपार दिसतं. पण मधेच एखादी ट्यूब अशी निघते की वर चक्क दूध, सायीसारखं दाट. मग विचारते, काका काल रात्री जेवण काय होतं? "काही नाही गं, साधंच." हळूहळू निघतं, पुतण्याची हळद होती, मटण होतं, वर तर्री, पानावर बसेपर्यंत साडेअकरा वाजले, आणि सकाळी आठला रक्त द्यायला हजर!

ते दूध म्हणजे जेवणातली चरबी. आतड्यात तिचे बारीक बारीक गोळे बनतात, कायलोमायक्रॉन म्हणतात त्यांना, आणि ते आधी लिव्हरकडे न जाता लसिकेच्या (लिम्फ नावाच्या पातळ द्रवाच्या) वाटेनं छातीतून वर चढून मानेपाशी रक्तात उतरतात. जेवल्यावर साधारण तीन-चार तासांनी ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली ही चरबी, सगळ्यात वर असतं, उतरायला सहा-आठ तास लागतात, आणि ज्यांचं मुळातच जास्त किंवा शुगर आहे त्यांना त्याहून जास्त. गोळ्यातली चरबी निघून गेली की जो उरलेला भाग असतो ना, तो रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरण्याइतका बारीक असतो, आणि खरी काळजी त्याची. बरेच जण म्हणतात तेल नळाला चिकटतं तसं नसेला चिकटतं, तसं नसतं हो, भिंतीच्या आत साठत जातं आणि त्याला वर्षं लागतात.

पण एका जेवणानंही काहीतरी होतं. १९९७ साली अमेरिकेत मेरीलँडला दहा निरोगी माणसांना ५० ग्रॅम चरबीचा नाश्ता दिला, म्हणजे आपले साडेतीन मोठे चमचे तेल, आणि हाताची रक्तवाहिनी सोनोग्राफीवर बघितली. दंडाला पट्टा आवळून सोडला की ती नेहमी छान फुलते, पण त्या नाश्त्यानंतर चार तासांपर्यंत ती नीट फुलेना, आणि तेवढ्याच कॅलरीचा पण चरबी नसलेला नाश्ता दिला तर काहीच फरक नाही. माणसं दहाच होती, अभ्यास छोटा, पण मला तो विसरता येत नाही.

कारण बघा, आपण रिपोर्ट उपाशीपोटी काढतो, ट्रायग्लिसराइड १५०च्या खाली आलं की खूश. पण सकाळी वडापाव, दुपारी डबा, पाचला भजी, रात्री उशिरा जेवण, एकाचं उतरायच्या आत दुसरं, मग आपली रक्तवाहिनी उपाशी असते कधी?

चालायला जा असं सगळे सांगतात, पण त्याचं कारण छान आहे. आज तासभर झपझप चाललात तर उद्याच्या जेवणानंतरही चरबी कमी चढते, कारण दमलेला स्नायू ती रक्तातून ओढून घेतो. म्हणजे हळदीच्या आदल्या दिवशी चाला, आणि ताटात तर्री वरून ओतून घेऊ नका, मटणाचे दोन पीस खा की.

आणि रक्त द्यायला याल तेव्हा रात्री काय खाल्लं, किती वाजता खाल्लं ते आम्हाला खरं सांगा, आम्ही रागवत नाही, रिपोर्टवर तशी नोंद करतो म्हणजे डॉक्टरांना तो नीट वाचता येतो.