बेचिराग

(बडोद्यातील एका वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझा विषय ‘वाळवंटातलं भुताचं गाव’ असा छापला गेला आहे आणि त्यामुळे पुढच्या रांगेत बरीच बच्चेकंपनी दिसते आहे. बाळांनो, आज भूत येणार नाही. पण वाळवंट येईल, ज्वालामुखीचं तोंड येईल आणि दगडांनी लिहिलेलं आपल्या गावाचं नावही येईल. तेवढ्यासाठी बसा.

‘भुताचं गाव’ हा शब्द मला खुपतो. अमेरिकेत अशा वस्तीला ‘घोस्ट टाउन’ म्हणतात, ते आपण जसंच्या तसं उचललं. आपल्याकडे याहून नेमका शब्द होता. जुनी महसुली दप्तरं ज्यांनी चाळली असतील त्यांना तो भेटला असेल: बेचिराग मौजे. चिराग म्हणजे दिवा. गावाची शीव आहे, काळी म्हणजे शेतजमीन आहे, नकाशावर नाव आहे, पण पांढरीत म्हणजे घरांच्या वस्तीत संध्याकाळी दिवा लागत नाही, ते बेचिराग. पुढे आपल्या जिभेवर त्याचं ‘बेचिराख’ झालं, त्यात राख दिसू लागली आणि अर्थ झाला जळून खाक. मूळ शब्दात आग नाहीच. दिवा लावणारं कुणी उरलं नाही, एवढंच त्यात आहे. आज ते ‘बेचिराग’ मनात ठेवून ऐका.

माझी सगळी नोकरी रस्त्यांवर गेली. सर्वेक्षण, आखणी, वाहनांची मोजदाद. त्यामुळे 2022 मध्ये लेकीकडे कॅलिफोर्नियाला गेलो तेव्हा जावयांनी विचारलं, आई, काय दाखवू? मी म्हटलं, मला रूट 66 दाखवा. आमचे हे म्हणाले, इतक्या लांब येऊन जुना रस्ता बघायचा? पण आले बिचारे बरोबर, आणि नंतर सगळ्यांत जास्त फोटो त्यांनीच काढले.

हा रस्ता 1926 सालचा. शिकागोपासून सांता मोनिकाच्या समुद्रापर्यंत, सुमारे 3,900 किलोमीटर. कॅलिफोर्नियात शिरला की तो मोहावी वाळवंटातून जातो आणि तिथे अ‍ॅम्बॉय नावाचं गाव लागतं. गाव म्हणजे एक पेट्रोल पंप, एका बाजूला झेपावलेल्या छपराचं मोटेलचं ऑफिस, रिकाम्या खोल्यांची रांग, पोस्ट, बंद शाळा. राहणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. जवळच अ‍ॅम्बॉय क्रेटर, ज्वालामुखीचा काळा शंकू. दुसऱ्या अंगाला ब्रिस्टल नावाचं कोरडं तळं, मिठानं पांढरं झालेलं. जमिनीतलं पाणी खारं, त्यामुळे पिण्याचं पाणी बाहेरून, रेल्वेनं आणावं लागे.

रेल्वे आली तेव्हा, 1883 मध्ये, लुईस किंगमन नावाच्या इंजिनिअरनं या ओसाड पट्ट्यातल्या स्टेशनांना वर्णमालेच्या क्रमानं नावं दिली. अ‍ॅम्बॉय, ब्रिस्टल, कॅडिझ, डॅन्बी. म्हणजे बघा, अ, ब, क, ड! मराठी शाळेत भूमितीच्या चौकोनाला जी अक्षरं देतो, तीच. मी गाडीत हे मोठ्यानं म्हणाले आणि नातीला ते इतकं आवडलं की पुढचे दोन दिवस ती ‘अबकड’ म्हणत होती. नावं अशी दिली, कारण तिथे ठेवायला दुसरं काही नव्हतं. देऊळ नाही, नदी नाही, पाटील नाही. तिथे होतं फक्त अंतर. वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी लागायचं, म्हणून तिथे स्टेशन. इंजिनाला तहान लागत नसती तर अ‍ॅम्बॉय झालंच नसतं.

मग मोटारी आल्या. त्या काळच्या गाड्यांचा रेडिएटर वाळवंटात उकळायचा. लोक कॅनव्हासची पाण्याची पिशवी गाडीपुढे टांगून निघायचे. टायर फुटायचे. 1938 मध्ये रॉय क्राउल यांनी इथे पंप टाकला, पुढे त्यांचे जावई बस्टर बरिस यांनी कॅफे, गॅरेज, मुक्कामाच्या खोल्या वाढवल्या. विजेसाठी बारस्टो शहरापासून रस्त्याकडेनं स्वतः खांब रोवत तारा आणल्या, असं तिथे सांगतात. सव्वाशे किलोमीटर होतात, मंडळी! आणि 1959 मध्ये त्यांनी 50 फूट उंचीचा दिव्यांचा फलक उभारला: रॉयज. सपाट वाळवंटात तो मैलोगणती दुरून दिसायचा. थकलेल्या माणसाला कळायचं, पुढे कुणीतरी जागं आहे.

आणि 1973 मध्ये नवा महामार्ग सुरू झाला, इंटरस्टेट 40. तो गेला उत्तरेला बऱ्याच अंतरावरून. अ‍ॅम्बॉयवरून जाणारी वर्दळ अक्षरशः आटली. गावात भूकंप नाही, साथ नाही, लढाई नाही. जुना रस्ता होता तिथेच होता. रेल्वे तर आजही जाते. आम्ही उभे असताना एक मालगाडी आली, नात डबे मोजता मोजता थकली, आणि गाडी न थांबता निघून गेली. डिझेल इंजिनाला इथलं पाणी कशाला हवं?

आता दगडांची गोष्ट सांगते. सेक्रेटरीसाहेब घड्याळ बघताहेत, पण ही सांगायचीच आहे.

अ‍ॅम्बॉयच्या आसपास रस्त्याला समांतर मातीचा बांध आहे, मैलोन् मैल. येणारेजाणारे त्या उतारावर काळे दगड मांडून आपली नावं लिहितात. कुणाचं प्रेम, कुणाचं गाव, कुणाचं साल. सगळे तेवढंच बघतात. मी मात्र आधी बांध बघितला. वाळवंटात पाऊस क्वचित पडतो, पण पडतो तेव्हा डोंगरावरून पाण्याचा लोंढा येतो. तो लोंढा सरळ रस्त्यावर येऊ नये, पुलाखालीच जावा, म्हणून हे बांध. त्या रस्त्यावर 1930 च्या दशकातले लाकडी पूल शंभराहून अधिक आहेत, आणि पुरानं मोडले की रस्त्याचे तुकडे बंद पडतात. मी हे जावयांना समजावत होते तोवर नात दगड गोळा करायला लागली. म्हणाली, आजी, आपण नाव लिहू या. कुणाचं? मी म्हटलं, बडोदे लिहू. वडोदरा नाही, बडोदे; घरात म्हणतो ते.

मंडळी, रोमन अक्षरं दगडांत सोपी आहेत. देवनागरीला शिरोरेषा लागते! ब ची गाठ, ड चा पोटाकडचा वळसा, ओकाराचा काना, वर मात्रा, द ची शेपटी, पुन्हा मात्रा. बांधाला उतार, दगड घरंगळतात. ह्यांनी उन्हात छत्री धरली. जावई खालून, रस्त्यावरून सांगत होते, आई, ड चा ह दिसतोय. पाऊण तास लागला. पुरे झाल्यावर आम्ही चौघं रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिलो आणि तीन अक्षरं सरळ एका ओळीत दिसली. माझे डोळे भरून आले. दांडिया बाजार, सूरसागर, रावपुरा, सगळं त्या तीन अक्षरांत होतं. मला उमगलं की त्या एका तासात आम्ही अ‍ॅम्बॉयला थांबलो होतो. पाणी घेतलं, पेट्रोल घेतलं, नातीनं थंड पेय घेतलं. म्हणजे गाव तेवढा वेळ चाललं.

संध्याकाळी तो फलक लागला. अनेक वर्षं तो विझलेलाच होता. 2005 मध्ये अल्बर्ट ओकुरा यांनी हे अख्खं गाव 4,25,000 डॉलरला विकत घेतलं. कोंबडीच्या पदार्थांच्या उपाहारगृहांचे ते मालक. 16 नोव्हेंबर 2019 ला त्यांनी फलकाचे दिवे पुन्हा लावले. 2023 मध्ये ते गेले. बेचिराग गावात दिवा लावलेला माणूस म्हणून मी त्यांचं नाव या व्यासपीठावरून आदरानं घेते.

याच्या उलट अनुभव आपल्याच देशातला. जैसलमेरजवळचं कुलधरा. पालीवाल ब्राह्मणांचं गाव, एकोणिसाव्या शतकात ओसाड पडलं. दिवाण सालिमसिंहाचा जुलूम, त्यापायी एका रात्रीत सोडलेली चौऱ्याऐंशी गावं, जाताना दिलेला शाप, ही कथा तुम्ही ऐकली असेल. आमच्या वाटाड्यानं ती रंगवून सांगितली, वर रात्री बांगड्यांचा आवाज येतो म्हणाला. मी विचारलं, खडीन कुठे आहे? तो म्हणाला, मॅडम, वो तो खेत है, उसमें क्या देखना. मला तिथे फार वाईट वाटलं. खडीन म्हणजे उताराच्या खालच्या टोकाला घातलेला लांब बांध. पावसाचं वाहतं पाणी तिथे अडतं, मुरतं, आणि त्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा येतो. इतक्या कमी पावसात वाळवंटात गहू! हे पालीवालांचं ज्ञान. विहिरी आटल्या, पाणी हटलं, म्हणून गाव हळूहळू उठलं असावं, असं काही अभ्यासक मानतात. भुताची गोष्ट आली की हा प्रश्नच कुणी विचारत नाही. ज्या लोकांनी पाणी अडवायला शिकवलं, त्यांच्या घरांत आपण बांगड्या ऐकत बसतो.

बरं. चिठ्ठी आली. सातला भजनी मंडळाला सभागृह द्यायचं आहे, दारात पेटी आलेली दिसते. म्हणजे मुख्य मुद्द्याला माझ्याकडे सात मिनिटं आहेत.

लखपत पटकन सांगते. कच्छच्या पार पश्चिमेला, कोरी खाडीच्या तोंडाशी. सात किलोमीटरचा कोट, आत रोजची लाख कोरींची, म्हणजे कच्छच्या जुन्या नाण्यांची, उलाढाल अशी ख्याती. 16 जून 1819 चा भूकंप झाला, सुमारे 80 किलोमीटर लांब जमीन उचलली गेली, काही ठिकाणी 6 मीटरपर्यंत. माणसानं न बांधलेला बांध म्हणून लोक त्याला अल्लाह बंद म्हणाले. सिंधूचं पाणी येणं थांबलं, बंदराचं काम संपलं. इथे नदी वळली, अ‍ॅम्बॉयला रस्ता. पण लखपतच्या गुरुद्वाऱ्यात आजही दिवा लागतो.

आता माझं म्हणणं. वाटेवरचं गाव उभं राहतं ते प्रवाशाच्या गरजेवर. बैलाला चारा, इंजिनाला पाणी, रेडिएटरला गारवा. आपल्या डभोई-मियागाम गाडीला 1862 मध्ये बैल जुंपलेले होते! गरज संपते तेव्हा गाव संपतं, आणि गरज संपवणारे आम्हीच, रस्ते आखणारे. बायपास हवाच. गावातून ट्रक जाऊन मुलं चिरडली जातात, ती मी पाहिली आहेत. पण बायपास आखण्याआधी आम्ही नाक्यावर उभे राहून वाहनं मोजतो, चालकाला विचारतो: कुठून आलात, कुठे निघालात, माल काय. कुठे थांबलात, हे विचारत नाही. माझ्या अख्ख्या नोकरीत त्या तक्त्यात तो रकाना नव्हता. त्यामुळे किती चहा, किती पंक्चर, किती शेवउसळ बंद पडणार हे आमच्या कागदावर कधी उमटलंच नाही. अहमदाबादचा 93 किलोमीटरचा एक्सप्रेस-वे झाल्यावर जुन्या रस्त्यावरचं माझं चहाचं ठिकाण बंद झालं. दौऱ्यावर असताना मी तिथे तीस वर्षं थांबले होते.

तो एक रकाना वाढवा, एवढंच मागते. थांबणाऱ्यांची संख्या कळली तर निदान उतरण्याचा फाटा कुठे द्यायचा, गावाच्या नावाची पाटी किती आधी लावायची, थांब्याची जागा कुठल्या गावाला द्यायची, हे ठरवता येईल. सभागृहात रस्ते खात्यातले तरुण इंजिनिअर आहेत, मला दिसताहेत. तक्त्याचा नमुना मी करून आणला आहे, प्रती टेबलावर ठेवल्या आहेत. एक-एक घेऊन जा.

आणि डिसेंबरच्या लखपत सहलीसाठी नावं आजच द्यावीत. भुजहून पुढे पेट्रोल आणि पाणी नखत्राण्याला भरून घ्यायचं आहे, आणि चहाला तिथेच थांबायचं आहे. गाडीत थर्मास आणू नका.