एक वीज, तीन वाटेकरी

(दृश्य: मिठाचा ढीग, टाकीत पडणारं मीठ)

हे मीठ. पाण्यात विरघळवायचं, त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम काढायचं, की ब्राइन, म्हणजे मिठाचं शुद्ध पाणी, तयार.

(दृश्य: सेलची रांग, जाडजूड बसबार)

या पट्ट्यांमधून डीसी करंट सेलमध्ये, म्हणजे हे ब्राइन विजेने फोडणाऱ्या कप्प्यात, शिरतो. मध्ये पातळ मेम्ब्रेन. सोडियमला पलीकडे जाऊ देते, क्लोराइडला अडवते. अॅनोडवर क्लोरीन सुटतो, कॅथोडच्या बाजूला हायड्रोजन आणि कॉस्टिक सोडा. कॉस्टिक निघतो साधारण ३२ टक्क्यांचा. नुसता क्लोरीन हवा म्हणून बाकीचे दोन थांबवता येत नाहीत.

मग या विजेमागचं कार्बन उत्सर्जन कुणाच्या खात्यावर टाकायचं? लाइफ सायकल असेसमेंट, म्हणजे वस्तूच्या जन्मापासून शेवटापर्यंत पर्यावरणावर होणाऱ्या परिणामांचा हिशोब, करणारा इथेच अडतो.

(दृश्य: फळ्यावर समीकरण)

वजनावर वाटून बघा. क्लोरीन ७१, कॉस्टिक ८०, हायड्रोजन २. हायड्रोजनच्या वाट्याला जेमतेम १.३ टक्के. आता मोलवर, म्हणजे कणांच्या संख्येवर वाटा: एक, दोन, एक. पाइप तोच, वायू तोच, वाटा थेट २५ टक्के! किमतीवर वाटलं, तर सेलमध्ये काहीही न बदलता बाजारभावाबरोबर आकडा हलत राहणार.

२००६ चं आयएसओ १४०४४ हे याच हिशोबाचं आंतरराष्ट्रीय मानक म्हणतं, आधी वाटणी टाळा. प्रक्रिया सुटी करा किंवा अभ्यासाची हद्द वाढवा. नाहीच जमलं तर भौतिक संबंध, आणि किंमत वगैरे अगदी शेवटी.

(दृश्य: बाष्पीभवन विभाग)

सेलच्या पुढचं सुटं करता येतं. कॉस्टिक आटवायची वाफ कॉस्टिकच्याच नावावर. सेल मात्र फोडता येत नाही. हद्द वाढवली, तर हायड्रोजनला श्रेय मिळतं: हाच वायू नैसर्गिक वायूपासून करताना झालं असतं तेवढं उत्सर्जन वजा.

(दृश्य: छपरावरची व्हेंटची नळी)

पण तो कुणी वापरला तर. या नळीतून हवेत सोडला, तर श्रेय कसलं?

(दृश्य: भरून निघालेले टँकर)

खरी गंमत पुढे आहे. क्लोरीनवाल्याने मोल धरले: २५. कॉस्टिकवाल्यानेही मोल: ५०. हायड्रोजनवाल्याने वजन: १.३. प्रत्येकाचा अहवाल आपल्या जागी चोख. बेरीज ७६.३. वाटलेल्या हिश्शांची बेरीज मूळ आकड्याइतकीच भरली पाहिजे, हेही त्याच मानकात लिहिलेलं आहे. इथे जवळपास पाव उत्सर्जन कुठल्याच टँकरबरोबर गेलेलं नाही.