गोल्फचे १८ होल कोणी ठरवले?

नमस्कार मंडळी! गोल्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? गेटवर वॉचमन, लाखांतली मेंबरशिप, आत आपलं काही काम नाही. पण जगभरचे गोल्फर ज्या मैदानाला आपली पंढरी मानतात ना, ती गावाची सार्वजनिक जागा आहे. रविवारी तिथे खेळ बंद असतो आणि लोक कुत्री फिरवायला येतात!

हे गाव म्हणजे स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं सेंट अँड्र्यूज आणि मैदानाचं नाव ओल्ड कोर्स.

गोल्फचा सगळ्यात जुना लेखी उल्लेख कशात सापडतो, माहितीये? बंदीहुकमात. साल १४५७. राजा दुसरा जेम्स वैतागला होता, कारण इंग्रजांशी लढायला तिरंदाज हवेत आणि पोरं फुटबॉल-गोल्फ खेळत बसलीत. पुढे त्याच्या नातवाने, चौथ्या जेम्सने, १४९१ मध्ये पुन्हा बंदी घातली. आणि १५०२ मध्ये, इंग्लंडशी तह झाल्यावर, याच पठ्ठ्याने स्वतःसाठी गोल्फच्या स्टिक विकत घेतल्या. कुणाकडून? तर धनुष्यं बनवणाऱ्या कारागिराकडून!

आता मैदान बघा. समुद्र आणि शेतं यांच्यामधली ही रेताड, उंचसखल जमीन. तिला म्हणतात लिंक्स. नांगराला निकामी, त्यामुळे मेंढ्या चरायच्या, ससे बिळं करायचे. वाऱ्यापासून आडोसा म्हणून मेंढ्या जिथे अंग चोरून बसल्या तिथे खड्डे पडले आणि त्यांचेच बंकर, म्हणजे चेंडू अडकवणारे वाळूचे खड्डे झाले, असं सांगतात. थोडक्यात, मूळ आराखडा कुणा आर्किटेक्टचा नाहीच.

मग १८ होल कुठून आले? होल म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेपासून चेंडू घालायच्या भोकापर्यंतचा एक टप्पा. इथे पूर्वी २२ होल खेळायचे. समुद्राच्या कडेने सरळ पुढे जायचं आणि बहुतेक त्याच होलवर खेळत परत यायचं. १७६४ मध्ये सुरुवातीचे चार आखूड होल जोडून दोन केले. जाताना दोन कमी, येताना दोन कमी. उरले १८. बास, एवढंच! पुढे हाच आकडा जगाने उचलला.

त्या जाण्यायेण्याची खूण आजही दिसते. सात ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळी, इतक्या मोठ्या आहेत, की प्रत्येकीवर दोन-दोन होल संपतात. त्यांच्या नंबरांची बेरीज करून बघा. दुसरा आणि सोळावा, पाचवा आणि तेरावा, आठवा आणि दहावा... दरवेळी १८.

आणि शेवटच्या होलवरचा तो छोटा दगडी पूल, स्विल्कन ब्रिज. गुरं-मेंढ्यांना ओढा ओलांडता यावा म्हणून शेकडो वर्षांपूर्वी बांधलेला. २००५ मध्ये अमेरिकेचा दिग्गज गोल्फर जॅक निकलस याच पुलावर उभा राहून हात हलवत निरोप घेऊन गेला. फोटोसाठी इतके पाय पडतात, की पुलाच्या तोंडाशी गवत टिकत नाही. म्हणून २०२३ मध्ये तिथे दगडी फरशी घातली. झालं! सोशल मीडियावर एकच गजहब. कुणी म्हणालं, बंगल्याचं अंगण वाटतंय. काही दिवसांतच फरशी उखडली.

गवत पुन्हा लावलं. तुडवायला लोक आहेतच.