कुणाच्या पंगतीला?

आत्ता अध्यक्षांनी शाल घातली आणि हातात नारळ दिला. भाषणाआधीच नारळ दिला, म्हणजे लवकर आटपा असंच असणार. (हशा) बरंच झालं म्हणा, आजचं व्याख्यान नारळापासूनच सुरू होतंय.

पत्रिकेत विषय भारदस्त छापलाय: 'महायुद्धातल्या महासत्ता आणि पॅसिफिकची बेटं'. त्यात माझी एक जुनी तक्रार आहे. ह्या युद्धाचे नकाशे आठवा. निळे बाण अमेरिकेचे, लाल बाण जपानचे. बाण बेटांवर जाऊन टोचतात, पण तिथं कुणी राहत होतं की नाही, नकाशाला पत्ता नसतो. फळ्यावर मीही वर्षानुवर्षं तेच बाण काढले, तेव्हा दुसऱ्याला काय बोलणार?

तर नारळ. 2 ऑगस्ट 1943 ची रात्र. सॉलोमन बेटं, मालक ब्रिटिश, पण काही बेटांवर अजून जपानी बसलेले. एक जपानी विनाशिका अमेरिकेच्या छोट्या टॉर्पेडो बोटीवर चढली आणि बोटीचे दोन तुकडे झाले. तेरा जणांतले अकरा वाचले, पोहत एका ओसाड बेटाला लागले. त्यांचा कप्तान जॉन केनेडी. हो, तेच, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले. आता गंमत बघा. दोन तरुण होडी वल्हवत तिकडे आले, बिऊकू गासा आणि एरोनी कुमाना. ब्रिटिशांसाठी टेहळणी करणारी मंडळी. त्यांना लांबून केनेडी दिसले आणि त्यांनी होडी उलटी फिरवली, हे जपानीच असणार म्हणून! लांबून सगळे परके सारखेच.

नंतर ओळख पटली. निरोप कशावर पाठवायचा? नारळाची कल्पना माझी, असं गासा पुढे सांगायचा. केनेडींनी चाकूनं हिरव्या नारळावर कोरलं: अकरा जिवंत आहेत, छोटी बोट पाठवा. तो नारळ घेऊन दोघं जपानी गस्तीच्या पाण्यातून साठेक किलोमीटर वल्हवत गेले. वाटेत कुणी पकडलं असतं तर? हातातला नारळ देवळात वाहायला नेतोय, असं सांगायची सोय नव्हती, त्यावर इंग्रजीत कोरलेलं! (हशा)

त्या नारळाची करवंटी पुढे व्हाइट हाउसमध्ये अध्यक्षांच्या टेबलावर विराजमान झाली. केनेडींच्या 1961 च्या शपथविधीचं ह्या दोघांनाही बोलावणं होतं. पण ते वॉशिंग्टनला पोचलेच नाहीत. इंग्रजी येत नाही म्हणून सॉलोमनच्याच राजधानीतून, होनिआरातून, परत पाठवलं, असं सांगतात. नारळाला टेबल मिळालं आणि आणणाऱ्यांना नारळ मिळाला.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दा तर राहिलाच, तो आता पळत पळत सांगतो.

माझं म्हणणं असं, की बेटवाल्यांनी ह्या साहेबलोकांना झेंड्यावरून जोखलं नाही, पंगतीवरून जोखलं. पंक्तिप्रपंच म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. ब्रिटिश साहेब त्यांना शेजारी बसवून घेत नसे. 1942 मध्ये अमेरिकन उतरले. बेटवाले मजूर म्हणून भरती झाले, पगार महिना एक पौंड. त्यातला सॉलोमनमधल्याच मलैता बेटाचा जोनाथन फिफिई सांगून गेलाय: अमेरिकन शिपाई तंबूत बोलवत, आपल्या खाटेवर बसवत, आपल्याच ताटातलं खाऊ घालत. ब्रिटिश अधिकाऱ्यांचा जळफळाट व्हायचा, दिलेल्या भेटी ते काढून घ्यायचे. शिवाय काळे अमेरिकन सैनिक, अंगात तोच गणवेश, पुढ्यात तेच जेवण! अमेरिकेनं त्यांच्या पलटणी वेगळ्या ठेवल्या होत्या, म्हणजे तीही पंगत दुसरीच. पण ते बाहेरून कुठे दिसतंय?

ह्यातूनच मलैतावर 'मासिना रूल' ही चळवळ उभी राहिली. मासिना म्हणजे भाऊ. आमचे म्होरके आम्ही निवडू, पगार महिना बारा पौंड हवा. 1947 मध्ये सरकारनं धरपकड केली, फिफिईही तुरुंगात गेला. आणि जेकब वौझा, ज्याला जपान्यांनी झाडाला बांधून संगिनींनी भोसकलं, तरी ज्यानं तोंड उघडलं नाही, ज्याला ब्रिटिशांनी पदक दिलं, तोही ह्या चळवळीत! त्याची निष्ठा कुणाकडे होती, ते तुम्हीच ठरवा.

जपानचं काय? मायक्रोनेशियातल्या, म्हणजे सॉलोमनच्या उत्तरेकडच्या, बहुतेक बेटांवर 1914 पासून मालक तोच. तिथं उतरंड पक्की: वर जपानी, खाली ओकिनावाचे आणि कोरियन, तळाशी बेटवाले. तरी पलाऊत बिअर प्यायला बसणं ह्याला आजही जपानीतून आलेला शब्द आहे, मूळ अर्थ शीण घालवणं! नाउरू बेटाचे मात्र 1200 लोक 1943 मध्ये जपान्यांनी उचलून चूक नावाच्या बेटांवर नेले, 1946 च्या जानेवारीत 737 परत आले.

शेवटचं, दोन मिनिटांत. ग्वाम आणि सायपान ही तिथलीच दोन बेटं, दोन्हीकडे मूळचे चामोरो लोक, भाषा एक. पण ग्वाम अमेरिकेकडे गेलं आणि सायपान आधी जर्मनीकडे, मग जपानकडे. भाऊ-भाऊ वेगवेगळ्या यजमानांच्या पंगतीला वाढले म्हणा. डिसेंबर 1941 मध्ये जपाननं ग्वाम घेतलं आणि दुभाषे म्हणून सायपानचे चामोरो आणले. घरात शिरून दरडावणारा माणूस आपल्याच भाषेत दरडावतोय! 1969 मध्ये दोघांनी एक व्हावं का, ह्यावर मतं घेतली. सायपानकडून होकार आला, ग्वामनं नाही म्हटलं.

अध्यक्ष उभे राहिलेत. प्रश्न चहाच्या वेळी विचारा. आणि हा नारळ मी नेतोय, ह्यावर काही कोरणार नाही, घरी खोवायला द्यायचाय.